फोटोत मागं सावली येते त्याचं कारण

१

माझ्या कॅमेऱ्याची शपथ भाऊ, आता जे सांगतो त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, कॅमेरा माझा नाही. या स्टुडिओचे मालक बाबूसिंगकाका, त्यांचा आहे. त्यामुळं शपथ किती लागू होते ते मले माहीत नाही. अन् शब्द न् शब्द म्हणजे तरी काय, दोन-चार इकडचे तिकडे होतीनच. टाईमात पाच-दहा मिनिटांचा फरक असन. बाकी सगळं खरं.

तुमचा फोटो टेबलावर ठेवा. बोट आपटू नका, दिसते मले. डोक्यामागं पडद्यावर सावली आली आहे. तुमचं म्हणणं असं, की बाहेर एवढा मोठा बोर्ड लावला अन् साधी सावली हटवता येत नाही का बे तुले. येते. राळेगावात माझ्याएवढी साफ सावली कोणी हटवत नाही. मी ती मुद्दाम ठेवतो.

काहून ठेवतो ते सांगतो. बसा. चिडून उभं राह्यल्यानं फोटो बदलत नाही. अन् चिडायचंच असन तं माझा नंबर तुमच्या आधी आहे. मी मागच्या मे महिन्यापासून चिडेल आहे.

२

माझी मोठी बहीण दीपमाला. नर्सिंग झालेली. वणीले एका खाजगी दवाखान्यात तीन वर्षं ड्यूटी करे. महिन्याले आठ हजार, अन् तिथला डॉक्टर तिले टाळी वाजवून बोलवे. नाव घेत नव्हता, टाळी वाजवे. मागच्या मे महिन्यात, सहा वर्षं बंद असलेली सरकारी नर्सची भरती निघाली. ताईनं फॉर्म भरला. फोटो मी काढला, कारण फुकटात दुसरा कोण काढन.

आता यात माझी चूक आहे, ते आधीच कबूल करतो. मी तिच्या मागं दोन बोटांची सावली पाडली. शिंगं. लोकं डोक्यामागं बोटं धरतेत, त्यात काही कला नाही. मी बोटं लाईटसमोर धरली, अन् शिंगं पार तिकडं पडद्यावर, बरोब्बर तिच्या डोक्यातून निघालेली. मापात. आजही तो फोटो पाह्यला की मले वाटते, काम चांगलं होतं. म्हटलं आधी हा पाठवतो, ताई चिडन, शिव्या देईन, मग साधा पाठवतो. ताई बसमध्ये होती, उभी. तिनं मोबाईलवर धड पाह्यलंच नाही अन् टाकला साईटवर.

एका मिनिटात उत्तर आलं. पार्श्वभूमीत सावली, फोटो नामंजूर, तीनपैकी दोन संधी शिल्लक.

मी म्हटलं टेन्शन घेऊ नको. त्याच फोटोतली शिंगं कंप्युटरवर पुसली अन् पाठवला. साईट म्हणे फोटोत फेरफार केला आहे. नामंजूर. एक संधी शिल्लक. तीही गेली तं फॉर्म बाद, अन् दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहा वाजता साईट बंद.

आमचे बाबा, नागोराव, रिटायर मास्तर आहेत. ते मारत नाहीत, ओरडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं अन् एवढंच म्हटलं, "अश्वजित, तू जेवून घे."

मी जेवलो नाही. तुम्ही पण जेवले नसते.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनले ताई इथं आली. बाहेर पंचेचाळीसचं ऊन. लग्नसराई होती, गावातले बाकीचे दोन्ही स्टुडिओ शटर लावून लग्नांवर गेलते, अन् आमचे बाबूसिंगकाका महागावले. जातांना चारपैकी तीन लाईट घेऊन गेलते. मले ठेवला होता एक, जुना फ्लॅश, त्याच्या तोंडाले पांढऱ्या कापडाचा डबा लावेल. चक् करून उडते, क्षणभर उजेड, की परत खोली आहे तशी. दोन फोटो काढले की तो तापते, मग वीस मिनिटं थंड होऊ द्या लागते.

तुम्ही म्हणसान, मग घरी काढायचा. आमच्या घरच्या भिंती निळ्या आहेत, साईटले पांढरी पाहिजे. अंगणात म्हणसान, तं लू, म्हणजे गरम वारा, असा होता की चादर बांधली असती तं थेट बाभुळगावले सापडली असती.

म्हणून इथं. हाच स्टुडिओ, हाच पडदा, एक दार, खिडकी नाही. पडदा हलते म्हणून फोटोच्या टायमाले कूलर बंद करा लागते. कूलर बंद झाला की इथं आपलाच श्वास ऐकू येते.

"हात दाखव," ताई आल्या आल्या म्हणली.

दाखवले.

"बांगड्या भरून देते का?" मी म्हटलं.

"अश्या, आज एक शब्द एक्स्ट्रा बोलला नं, तं तो स्टँड उचलून टाळक्यात घालीन. मी टाके पण घालू शकते, पण घालणार नाही. तसाच ठेवीन तुले."

तिनं ते हसून म्हटलं असतं तं बरं झालं असतं.

मी काकाले फोन लावला. तिकडं बँड वाजून राह्यला होता.

"काका, एकच लाईट आहे. मागं अजिबात सावली नको."

"पाच फूट," काका ओरडले. "पडद्यापासून पाच फूट पुढं बसव. लाईट वर, बाजूनं, खाली झुकवून. मग तिची सावली फरशीवर पडते, फोटोत येतच नाही. भिंतीले चिकटवून बसवतेत ते गधे असतेत."

मी टेप घेऊन पाच फूट मोजले. स्टूल ठेवला. लाईट वर केला. ताई बसली, मान सरळ, कानामागं केस. कूलर बंद केला. चक्.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाह्यलं. ताईची सावली फोटोत नव्हती. ती खाली फरशीवर गेलती, काका म्हणे तशीच. तिच्या डाव्या खांद्याच्या वर मात्र पडद्यावर एक सावली होती. छोटी, काळीशार, कडा एकदम साफ. एक डोकं अन् एक खांदा.

४

ताईनं स्क्रीन पाह्यला. मग मले पाह्यलं. वार्डात पेशंट खोटं बोलते तेव्हा ती तसं पाहत असन.

"मी नाही," म्हटलं.

"कोण आहे मग?"

"स्टँडची असन."

काकानं नेलेल्या लाईटचा रिकामा स्टँड बाहेर काढला. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची बाहेर काढली. बारशाच्या फोटोले ठेवेल लाकडी घोडा काढला. कॅलेंडर काढलं. पंख्याले पण पाह्यलं, तो वर आहे, लाईटच्या वाटेत येत नाही. आता पडद्यासमोर ताई, स्टूल, लाईट, कॅमेरा अन् मी.

चक्. आहेच. डोकं, खांदा. डोकं थोडं खाली घातलेलं, सरकारी हापिसात रांगेत उभं राहून कंटाळलेला माणूस घालते तसं.

फ्लॅश तापला. वीस मिनिटं.

ती वीस मिनिटं मी कशी काढली ते विचारू नका. ताई बोलत होती. आठवीत मी तिच्या डब्यात पाल ठेवलती, रबराची, ती निघाली. तिच्या लग्नाची बोलणी करायले पाहुणे आलते तेव्हा मी चहात मीठ टाकलतं, ते निघालं. "तुझ्या मजाकीनं माझं एक एक करून सगळं नेलं," ती म्हणे. "हे तरी राहू दे. पाया पडू का तुझ्या?"

"ताई, खरंच मी नाही."

"तू 'खरंच' म्हणते तेव्हाच भेव वाटते मले."

शेवटी तिनं मले दाराबाहेर उभं केलं. दोन्ही हात डोक्यावर. कॅमेरा टायमरवर लावला, दहा सेकंद, अन् ती जाऊन स्टुलावर बसली. मी उन्हात हात डोक्यावर घेऊन उभा. रस्त्यानं एक बाई गेली, तिनं विचारलं, "पोलीस आले का रे?" मी म्हटलं, "नाही काकू, बहीण आली."

आतून चक् झालं. मी आत गेलो. ताई कॅमेऱ्याजवळ उभी होती.

"आहे," ती म्हणली. बस, एवढंच. अन् त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्यावर चिडेल नव्हती. मले ते अजिबात आवडलं नाही.

५

आमच्या घरी भुताखेताले जागा नाही, भाऊ. बाबांनी ते लहानपणीच साफ करून टाकलं. जे दिसत नाही त्याले घाबरायचं नाही, असं शिकवलं. जे दिसते पण नसते, त्याचं काही शिकवलं नव्हतं. अभ्यासक्रमात नव्हतं.

म्हणून मी डोकं लावलं. पडद्याच्या मागं गेलो, भिंत आहे. पडद्यावर डाग आहे का पाह्यलं, ओल्या फडक्यानं पुसला, नाही. लाईट डावीकडं सरकवला अन् फोटो काढला. सावली उजवीकडं सरकली. फ्लॅश परत थंड होऊ दिला, मग लाईट खाली केला, सावली वर गेली. म्हणजे समजलं का? ती सावली एकदम नियमानं वागून राह्यली होती. पडद्यावर छापेल असती तं जागची हलली नसती. लेन्समध्ये कचरा असता तं लाईटसंगं फिरला नसता. सावलीत खोट काहीच नव्हती. ज्याची ती पडून राह्यली होती तेवढं नव्हतं.

तिचं माप पण काढता आलं असतं. ताईच्या मागं, डावीकडं, पडद्यापासून हातभर. उंची साडेचार फूट. मी तिथं जाऊन उभा राह्यलो. हात फिरवला. काही नाही. ताई म्हणे, "तिथून हट." हळू आवाजात म्हणली.

मी फोटो काकाले व्हॉट्सअपवर पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"ग्रुप फोटो कायले काढला बे? फॉर्मले एकटीचा लागते."

"काका, एकटीच आहे ती."

"मग शेजारी उभं आहे त्याले बाजूले घे ना."

"शेजारी कोणी नाही."

तिकडं बँड थांबला होता, जेवणं सुरू झाली असतीन. काका म्हणाले, "अश्वजित, मी इथं दोनशे लोकांचं फोटोसेशन करून राह्यलो. माझ्याशी मजाक करू नको. एक ध्यानात ठेव. वस्तू पडद्याजवळ असन तं सावली छोटी अन् कडक. लाईटकडं येईन तशी सावली मोठी होते, कडा फुटतेत, फिक्की होते. एकदम लाईटजवळ आली की इतकी पसरते की दिसतच नाही. काय आहे ते पाह्य, अन् पडद्यापासून दूर कर. बस."

मी फोन ठेवला. साडेचार झाले होते. मी आतापर्यंतचे सगळे फोटो लाईनीनं पाह्यले. पहिला, दुसरा, टायमरवाला, लाईट हलवला ते दोन.

पहिल्यात सावली छोटी. कडा ब्लेडनं कापल्यासारख्या. दुसऱ्यात थोडी मोठी. टायमरवाल्यात अजून मोठी, कडा जरा मऊ. शेवटच्यात खांदा पडद्याच्या अर्ध्यापर्यंत आलता, अन् डोक्याची कड फुटून गेलती, धुरासारखी.

दर चक् ले ते एक पाऊल पुढं येऊन राह्यलं होतं.

६

आता तुम्ही म्हणसान, पळायचं. मी पण तेच म्हटलं असतं. पण साडेचार झाले होते, अन् सहाले साईट बंद. मी डोक्यात हिशोब लावला. ते आता ताईच्या बरोबरीनं आहे, कारण दोघांच्या कडा सारख्याच मऊ आहेत. चक् झालं तेव्हा ताईची फरशीवरची सावली पाह्यलती, तिच्याशी जुळवून पाह्यलं. अजून तीन-चार फोटो. तितक्यात ते ताईले ओलांडून लाईटजवळ येईन. लाईटजवळ आलं की सावली पसरून जाईन, पडदा साफ. साईटले पाहिजे तसा.

लाईटजवळ म्हणजे कुठं, तं मी उभा असतो तिथं.

मले इतका राग आला की काय सांगू. घाबरायले टाईमच नव्हता. म्हटलं, आमच्या खानदानात बाबांनंतर पहिल्यांदा कोणी सरकारी नोकरीच्या दारात उभं आहे, शिंगं मी काढली, शिक्षा तिले झाली, अन् आता हा कोण आला मधात. फोटो काढायचा असन तं काउंटरवर येऊन बोल. दुसऱ्याच्या फोटोत कायले घुसून राह्यला.

"काय झालं?" ताई म्हणली. "तोंड असं काहून केलं?"

"काही नाही. अजून चार फोटो. साफ येईन."

"कसा येईन?"

"काकानं आयडिया सांगतली."

"अश्या, ते कुठं आहे आता?"

आता पाह्या, ती नर्स आहे. तिनं पण ते फोटो पाह्यले होते. मी सावलीच्या कडांचं गणित करून राह्यलो तोवर तिनं तिचं गणित केलं असन.

"तुझ्या बाजूले," मी म्हटलं.

ती डावीकडं वळली नाही. मान सरळ ठेवली, फॉर्मच्या फोटोसारखी.

"अन् मग?"

"मग पुढं येते."

"पुढं म्हणजे तुझ्याकडं."

मी लेन्स पुसत बसलो.

"उठते मी," ती म्हणली. "मरू दे भरती. वणीचं आहेच. टाळ्या ऐकायची सवय झाली मले."

"बस खाली."

"अश्वजित."

"बस म्हटलं नं. त्या टाळीवाल्याकडं तू परत गेली तं मी जन्मभर जेवणार नाही, मग बाबांले सांगत बस. मान सरळ. केस कानामागं."

ती बसली. तिच्या डोळ्यात पाणी आलतं, पण ते फोटोत चमकते म्हणून तिनं ओढणीनं टिपून घेतलं. मी लाईट मूळ जागेवर आणला. चक्.

पडद्याचा डावा अर्धा भाग करडा. चक्. जवळजवळ पूर्ण पडदा करडा, आकार असा काही नाहीच, एका कोपऱ्यात फक्त कपाळासारखी गोलाई.

फ्लॅश तापला. वीस मिनिटं थांबा लागन. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

७

त्या वीस मिनिटांत आम्ही जागचे हललो नाही. ताई स्टुलावर, मी कॅमेऱ्यामागं. मधात सात फूट फरशी. त्या फरशीवर नजर टाकायची नाही असं दोघांनीही न बोलता ठरवलं.

मग मले वाटलं की खोलीत श्वास जास्त आहेत. म्हणून मी माझा धरून पाह्यला. ताईनंही त्याच टायमाले धरला होता, हे तिनं मागून सांगतलं. तरी ऐकू येत होता. कूलरमधल्या पाण्याचा आवाज असन. कूलरमध्ये त्या दिवशी पाणी टाकलं नव्हतं, पण असन.

पाच पंचवीसले मी फ्लॅशले हात लावून पाह्यला. थंड होता. थंड म्हणजे, मटक्यातल्यासारखा. बाहेर पंचेचाळीस, आत कूलर बंद, अन् तो तापेल फ्लॅश वीस मिनिटांत तेवढा थंड होत नाही, कधीच झाला नाही. मी हात काढला.

"काढ," ताई म्हणली.

मी उजवा हात कॅमेऱ्यावर ठेवला. फोटो काढतांना माझा हात लाईटच्या जरासा पुढं असते. दर चक् ले तो पांढराशुभ्र होते, नखं, केस, घड्याळ, सगळं दिसते. तीन वर्षांपासून दिसून राह्यलं.

मी मनात म्हटलं, ये. आला आहे नं, तं नीट ये. तिचं काम होऊ दे, मग तुझ्याशी पाहतो.

चक्.

सगळी खोली पांढरी झाली. ताई, पडदा, स्टूल, फरशी, दारामागचा झाडू पण. माझा हात झाला नाही. मनगटापासून बोटापर्यंत काळा राह्यला. मनगटाच्या वर शर्टाची बाही चमकली, ती मले दिसली. अन् हातावरच्या त्या काळ्या सावलीले, अंगठ्याच्या बाजूनं, केसांची कड होती. बारीक बारीक, सुटे केस. पुढं वाकून कोणी स्क्रीन पाहायले यावं, तशी.

क्षणभर होतं. जास्त सांगायले नाही माझ्याकडं.

"आला का?" ताई म्हणली.

स्क्रीनवर पडदा दुधासारखा होता. एक डाग नाही. आयुष्यात काढलेला माझा सगळ्यात साफ फोटो.

मी तो कंप्युटरवर घेतला, डाव्या हातानं, कारण उजव्याची बोटं वळून नव्हती राह्यली. ताईनं साईट उघडली. नेट फिरत राह्यलं, फिरत राह्यलं. पाच सत्तेचाळीसले टाकला. पाच अठ्ठेचाळीसले आलं, फोटो मंजूर, अर्ज स्वीकारला.

ताईनं प्रिंट काढली, दोनदा वाचली, पर्समध्ये ठेवली. मग येऊन माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. खणखणीत.

"ही शिंगांची," ती म्हणली. मग माझा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत घेऊन चोळत बसली. नाडी पण पाह्यली. मी म्हटलं, "आहे का?" ती म्हणे, "गप्प बस." दोघांनी मिळून शटर ओढलं अन् ऊन असतांनाच घरी गेलो.

८

ताई आता सरकारी दवाखान्यात आहे. तिले नावानं बोलवतेत. बाबांनी तिच्या पहिल्या पगारातून नवीन कूलर घेतला, घरी, अन् मले म्हणाले, "अश्वजित, तू जेव," अन् त्या दिवशी मी जेवलो. इथपर्यंत सगळं चांगलं आहे.

पण त्या फोटोत अडचण अशी झाली, की पडदा साफ झाला अन् त्याच्यासंगंच ते कुठं आहे हे सांगणारी एकच गोष्ट गेली. सावली होती तोवर माप होतं. इथं आहे, हातभर आहे, पाऊलभर आलं. साफ फोटोत काहीच नाही. साफ फोटो म्हणजे ते लाईटपाशी आहे, नाही तं खोलीतच नाही. अन् खोलीत नसन तं कोणासंगं गेलं?

बाबूसिंगकाकानं चारही लाईट वापस आणून दिले. ते स्वतः आता आत येत नाहीत, बाहेर काउंटरवर बसतेत, गुडघे दुखतेत म्हणतेत. मी चारपैकी एकच लावतो. कापडाचा डबा काढून टाकला. गिऱ्हाईक पडद्याले चिकटवून बसवतो. गधे बसवतेत तसंच. अशानं भिंतीवर जे असन ते सगळं कडक, काळं, साफ येते. लोकं चिडतेत. पैसे देत नाहीत, वापस काढ म्हणतेत, तुमच्यासारखेच. चिडू द्या.

कारण ताई रोज दुपारी दोनले फोन करते. हालहवाल नाही, जेवला का नाही. एकच विचारते, "आज आहे का?" मी तोवरचे फोटो पाहून सांगतो. आहे, डावीकडं. आहे, एका म्हाताऱ्याच्या मागं. आहे, जुळ्या पोरींच्या मधात. ती बरं म्हणते अन् फोन ठेवते.

मागच्या महिन्यात दोन दिवस एकाच्याही फोटोत नव्हतं. मी तिले खरं सांगतलं. ती ताईसारखी बाई, दहा खाटांच्या वार्डात सलाईनच्या स्टँडच्या सावल्या मोजत बसली. दहा स्टँड. दर वेळेस किती भरल्या ते तिनं मले सांगतलं नाही. तिसऱ्या दिवशी इथं एका नवरदेवाच्या फोटोत परत आलं, तेव्हा तिचा श्वास मले फोनवर ऐकू आला, मोकळा झालेला. नवरदेवानं मले आईवरून शिव्या दिल्या अन् फोटो फाडून टाकला. मी एक शब्द उलटून बोललो नाही. भला माणूस होता.

म्हणून सावली. झालं कारण. आता तुम्ही शांत झाले असान तं फोटो उचला, अन् एकदा नीट पाह्या. पट्टीनं कापेल कडा आहे. तुमचे कान, तुमची टोपी, सगळं मापात आलं आहे. यात लाजण्यासारखं काय आहे मले समजत नाही.

काय म्हणता?

नाही, टोपी घातलेली सावली तुमची. बरोबर.

ती डावीकडची, डोकं खाली घातलेली, ती मले माहीत आहे. ओरडू नका. थांबा एक मिनिट, दोन वाजून गेले, ताईले तेवढं सांगून घेतो. हॅलो, ताई. हो. इथंच आहे. एका भाऊच्या मागं. नाही, एकदम जवळ. हो, तू जेवून घे.

हं. मागं वळून पाहू नका, तिथं काही दिसत नाही, मी सांगतो तुम्हाले. दाराकडं नंतर जा. आठ कॉप्यांचे साठ रुपये झाले भाऊ. आधी साठ रुपये द्या.